माशी कुठे शिंकली

४ मे

वहिनी,

नमस्कार वगैरे शेवटी लिहीन, तोवर राग उतरला तर. फोनच करणार होते. पण फोनवर तू मधेच बोलतेस, मग मी ओरडते, आणि आमच्या शिवणाच्या दुकानातल्या सगळ्याजणी कात्र्या थांबवून ऐकत बसतात. म्हणून पत्र. रायफलच्या पेटीच्या झाकणात खोचून देतेय, म्हणजे ते हातात घेतल्याशिवाय तुला रायफल बाहेर काढताच येणार नाही.

मागच्या महिन्यात मी रायफल तुझ्याकडे पाठवली ती फक्त साफसफाईला, आणि चाप जरा जड लागत होता म्हणून. परत आली ती नेम हलवून. काल आमच्या रेंजवर सामना होता. पन्नास मीटर, पालथं पडून दहा गोळ्या. दहाच्या दहा डावीकडे, सातच्या वर्तुळात. माझा हात हलला असता तर गोळ्या चहूकडे गेल्या असत्या. त्या एकाच जागी शहाण्यासारख्या गोळा झाल्या होत्या, फक्त ती जागा चुकीची होती. म्हणजे हात माझा बरोबर आणि नेम तू बिघडवलेला. तो कागद मी तिथल्या तिथे फाडून टाकला, कारण सगळे बघायला येत होते.

तीस जूनला विभागाच्या संघाची शेवटची निवड आहे हे तुला माहीत आहे. जागा चार. मी चौथी आहे, आणि माझ्या मागे एका गुणावर पाचवी कोण आहे हे तुला सांगायला नको. पुढच्या वर्षापासून साध्या लोखंडी साइटचा गटच बंद होतोय, सगळे भिंगं लावून मारणार. मी दोनदा पाचवी आले आणि दोनदा घरी बसले. या खेपेला नाही गेले तर कधीच जाणार नाही. बाबांच्या या रायफलनं मी बावीस वर्षं मारतेय, आणि आता ऐन वेळी तुझ्या निष्काळजीपणामुळे माझं सगळं पाण्यात जाणार असेल तर मी ते ऐकून घेणार नाही.

नेमाची माशी दोन रेघा उजवीकडे घे. तिला काजळीही नीट धर, कड फिसकटल्यासारखी दिसते, नक्की कुठेतरी चमकत असणार. आणि एकदा दादाला बघायला सांग. त्याचं काम लाकडाचं असलं तरी डोळा बाबांचा आहे. शुक्रवारच्या क्लबच्या गाडीनं रायफल परत यायला हवी.

राग उतरलेला नाही.

नणंद

१२ मे

वन्संना नमस्कार. मी सुरुवातीलाच करून टाकते, पुढे जमेल न जमेल.

तुमचं पत्र ह्यांना दोनदा मोठ्यानं वाचून दाखवलं. म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की त्यात अमुक लिहिलं होतं आणि मी तमुक केलं. तुम्ही सांगितलंत म्हणून ह्यांनी रायफल पाहिली. दस्ता हातानं कुरवाळला, लाकूड झकास आहे म्हणाले, आणि रंधा घेऊन पुन्हा कामाला लागले. मी जरा जोर केला तर म्हणाले, मी लाकडाचा माणूस, लोखंडाच्या भांडणात मी पडत नाही.

रायफल माझ्याकडून निघाली तेव्हा पेटीत एक कागद होता. मी मारलेल्या दहा गोळ्या, सगळ्या नऊ आणि दहामध्ये. तो तुम्ही बघितला नसावा, किंवा बघून फेकून दिला असेल. नेमाच्या मागच्या खाचेच्या स्क्रूवर मी लाल रंगाचा ठिपका देते. स्क्रू केसभर हलला तरी तो तडकतो. आज बघितला, अख्खा आहे. पण तुमच्या नाकावर माशी बसत नाही, त्यामुळे ठिपका काय म्हणतो ते सांगण्यात अर्थ नाही.

या दुकानात लोखंडाचं काम मी करते. पंधरा वर्षं झाली. गिऱ्हाईक आलं की माझ्याकडे बघून विचारतं, साहेब नाहीत का. साहेब मागे दस्त्याला पॉलिश करत असतात. परक्यांचं मी समजू शकते. तुम्हीही दादाला बघायला सांग असं लिहिता, तेव्हा मला त्यांच्याहून तुमचा जास्त राग येतो. आणि पाचवी कोण आहे ते मला ठाऊक आहे. माझी रायफल मी माझ्या वेळात, माझ्या गोळ्यांनी मारते. त्यासाठी तुमच्या रायफलला हात लावायची मला गरज नाही.

तरी तुमचा हुकूम आहे, म्हणून माशी दोन रेघा उजवीकडे घेतली. पितळेचा तुकडा ठेवून टकटक करत, रेघेवर रेघ बरोबर जुळवून. काजळी पुसून नव्यानं धरली. कड पात्यासारखी स्वच्छ आहे. तुम्ही लिहिलंत तेवढंच केलं. माझ्या पदरचं त्यात काही घातलेलं नाही.

तुमची वहिनी

२२ मे

वहिनी,

तू हे मुद्दाम केलंस.

काल पुन्हा सामना होता. पहिल्या पाच गोळ्या मारल्या आणि दुर्बिणीतून बघितलं तर चार आणि पाचच्या वर्तुळात. डावीकडेच, आणखी लांब. आमच्याकडे एक निवृत्त पोस्टमास्तर मारायला येतात. त्यांनी माझी रायफल हातात घेतली, एकदा पुढून बघितली, एकदा मागून, आणि सगळ्यांच्या देखत विचारलं, बाई, ही माशी कोणी उलटीकडे सरकवली. संघाचे चिटणीस तिथेच उभे होते. त्यांनी खिशातून वही काढून काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मी विचारलं नाही. विचारण्यासारखं तोंड राहिलं नव्हतं.

माशी म्हणजे आमच्या घरात सगळा नेम. बाबा पुढच्या खुंटीलाही माशी म्हणायचे आणि मागच्या खाचेलाही माशीच म्हणायचे. तू पंधरा वर्षं आमच्या घरात आहेस. मी माशी उजवीकडे घे असं लिहिलं म्हणजे खाच उजवीकडे घ्यायची हे तुला कळत नाही? एखादी नवशिकी मुलगीसुद्धा विचारती, वन्सं, पुढची की मागची. तुला कळलं होतं. तू पत्र दोनदा मोठ्यानं वाचलंस ते त्यासाठीच, साक्षीदार उभा करायला. तुझ्या पत्राची भाषा मला तेव्हाच खटकली होती.

त्यात वर तुझ्या कृपेनं काहीतरी सैलही राहिलंय. निम्म्या गोळ्या एका जागी आणि निम्म्या दुसऱ्या. या वेळी कागद फाडला नाही. पुरावा म्हणून सोबत पाठवतेय, नीट बघ आणि लाज वाटते का ते कळव. या सगळ्या संतापात परवा मी एक कॉलर तिरकी कापली. मालकीणबाईंनी ती उचलून सगळ्यांना दाखवली. वीस वर्षांत माझ्या हातून असं झालेलं नाही. त्याचं खापरही मी तुझ्याच डोक्यावर फोडतेय.

रायफल होती तशी करून पाठव. यापुढे मी माशी म्हटलं की पुढची, खाच म्हटलं की मागची. बाबांची भाषा मी तुझ्यापायी सोडली, हे लक्षात ठेव.

नणंद

३० मे

वन्सं,

लाज वाटते का असं विचारलंत. वाटते.

मला कळलं होतं. तुम्ही माशी लिहिलंत आणि तुम्हाला खाच म्हणायचंय, हे पहिल्या वाचनातच कळलं. खाच ज्या बाजूला सरकवावी त्याच बाजूला गोळी जाते आणि माशी सरकवली की गोळी उलट्या बाजूला जाते, हे मी झोपेतही सांगेन. तरी मी लिहिलंय तसंच केलं. दादाला बघायला सांग, या एका वाक्याचा राग होता. पत्र दोनदा वाचलं तेही तुम्ही म्हणता त्यासाठीच. असलं काम मी कुणाच्याही रायफलशी केलेलं नाही, आणि केलं ते नेमकं घरच्या माणसाच्या. ह्यांना सांगितलं तेव्हा हे रंधा खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिले. मला तेवढं पुरे झालं.

आता दुसरं. हे वाचून तुम्ही चिडणार, पण पत्र फाडू नका.

तुमचा कागद मी आठ दिवस बाकावर ठेवला होता. माशी कुठे शिंकली ते मला कळत नव्हतं. एका रायफलचे दोन पुंजके, दोन्ही शर्टाच्या बटणाएवढे, मधे कोरा कागद. पाच इथे, पाच तिथे. सैल स्क्रू असा नीटनेटका नसतो, वन्सं. काही सैल असलं की गोळ्या विखुरतात, त्या वाटून घेत नाहीत. तरी मी सगळे स्क्रू तपासले. माशी होती तिथे आणली. रायफल शिकंज्यात आवळून वीस गोळ्या मारल्या, पुंजका एकच. ह्यांना आडवं पाडून दहा मारायला लावल्या, पुंजका एकच, आणि तोही दहामध्ये. दोन्ही कागद पेटीत ठेवलेत, रायफलबरोबर येतील.

मग हे दोन कुठून आले. रायफलवर माशी एकच आहे आणि खाचही एकच आहे. तुम्ही पहिल्या पत्रात लिहिलं होतंत की कड फिसकटल्यासारखी दिसते. मी तिच्यावर काजळी धरली तेव्हा ती फिसकटलेली नव्हती. आमच्या शेजारी घड्याळं दुरुस्त करणारे आहेत, त्यांना एक वर्ष दोन काट्यांचे तीन काटे दिसत होते आणि ते गिऱ्हाइकांवर ओरडायचे, की घड्याळात नको ते घालून आणता.

म्हणून विचारते. तुम्हाला माशी एक दिसते की दोन?

मी पाचवी आहे, म्हणून हे माझ्या तोंडी शोभत नाही हे मला कळतं. पण हे विचारायला तुमच्याकडे दुसरं कोण आहे. डोळा दाखवा. निवडीला महिना आहे.

तुमची वहिनी

६ जून

वहिनी,

आता सगळं लख्ख कळलं. आधी रायफल बिघडवून पाहिलीस. ते उघडं पडलं. मग अपराध कबूल करून साळसूद झालीस, आणि त्याच पत्राच्या खालच्या अर्ध्या भागात मला आंधळी ठरवलंस. माझ्या जागेवर डोळा तुझा आहे, आणि दाखवायला मला सांगतेस.

माझे डोळे ठणठणीत आहेत. रोज आठ तास कापड कापते मी. दिव्यांभोवती कडी दिसतात, पण ती सगळ्यांनाच दिसत असणार, कारण दुकानात हलके दिवे आणून लावलेत. काळ्या कापडावर काळा दोरा कोणाला दिसतो? तो मी शेजारणीला ओवायला सांगते, ती माझ्याहून लहान आहे म्हणून. यात डॉक्टरकडे जाण्यासारखं काही नाही.

आणि तुला रायफल धरायला कोणी शिकवलं? दादानं तुला पहिल्यांदा रेंजवर आणलं तेव्हा तू कानात बोटं घालून मागे उभी होतीस. मी तुला पालथं पाडलं, कोपराखाली माझी शाल घातली, श्वास कुठे थांबवायचा ते मी सांगितलं. ती शिकवलेली विद्या तू आता माझ्यावर चालवतेस. बाबा असते तर त्यांनी तुला दुकानातल्या त्यांच्या कामाच्या बाकाला हात लावू दिला नसता. हे लिहू नये असं वाटत होतं, पण लिहिलं, आणि आता खोडणार नाही.

शुक्रवारच्या गाडीनं रायफल पाठव. तिला आणखी हात लावू नकोस, तुझे कागदही नकोत. मी चिटणिसांना सगळं कळवणार आहे. नेम मुद्दाम हलवला हे तू तुझ्या हातानं लिहून दिलंयस, ते पत्र मी जपून ठेवलंय.

नणंद

१३ जून

वन्सं,

चिटणिसांना मी तुमच्या आधीच कळवलं. पत्राची नक्कल सोबत आहे. त्यात दोन गोष्टी आहेत.

एक, मे महिन्यात संघातल्या खेळाडूच्या रायफलची माशी मी रागाच्या भरात जाणूनबुजून उलटीकडे सरकवली. तुमच्या एकवीस मेच्या गुणांना त्यामुळे किंमत देऊ नये. त्यांचं उलट टपाली उत्तर आलं. संघाच्या सहा रायफली दरवर्षी माझ्याकडे यायच्या, त्या यापुढे दुसरीकडे जातील. दोनच ओळी होत्या, सभ्य होत्या.

दुसरी, पाचव्या जागेवरून मी माझं नाव काढून घेतलं. माझ्या मागे सहावी कोणी बँकेतली बाई आहे. मी तिला धड ओळखतही नाही. तुमची जागा रिकामी झाली तर ती तिला मिळेल. मी आता या यादीत कुठेच नाही.

एवढं ऐकून हे जेवता जेवता उठले आणि मागच्या खोलीत जाऊन बसले. आज म्हणाले, तू हे तिच्यासाठी केलंस की तिला हरवण्यासाठी. मला तुमचा इतका राग आलाय की मला खरंच सांगता येत नाही. तुम्ही बाबांचं नाव काढलंत. बाबांनी माझ्या हाती काजळीची डबी दिली तेव्हा तुम्ही तिथे नव्हता.

पण आता तुमच्या डोळ्यात बिघाड असला तरी मला काही मिळायचं नाही, आणि नसला तरी माझं काही जायचं नाही. माझा स्वार्थ मी कापून टाकलाय. आता तरी माझं ऐका आणि डोळा दाखवा. जे असेल ते वेळेत कळलं तर मानानं बाजूला होता येईल. नाही कळलं तर तीस तारखेला सगळ्यांसमोर कळेल.

रायफल या पत्रासोबत पाठवतेय. मी हात लावलेला नाही.

वहिनी

५ जुलै

वहिनी,

तीन आठवडे तुला उत्तर दिलं नाही, कारण देण्यासारखं काही नव्हतं. आता आहे.

मी तीस तारखेला गेले. साठ गोळ्यांची निवड होती. पहिल्या वीस बऱ्या गेल्या. मग बाजूच्या खिडकीतून ऊन आलं आणि सगळं उलटंपालटं झालं.

खरं सांगते. मला दोन माश्या दिसतात. मार्चपासून. एक काळी, एक फिकट, जराशी बाजूला. मी मार्चमध्येच ठरवलं होतं की काळी ती खरी, तीच धरायची. तू रायफल पाठवलीस तेव्हा ती काळीच खोटी होती आणि म्हणून सगळ्या गोळ्या डावीकडे गेल्या. तुझ्या हातून काही बिघडलेलं नव्हतं. पुढे कधी ही काळी दिसायची, कधी ती. त्या दोन पुंजक्यांचा कागद मी तुझ्या अपराधाचा पुरावा म्हणून पाठवला आणि तो माझाच निघाला. कॉलरही मी रागानं तिरकी कापली नव्हती. खडूच्या रेघाच दोन दिसत होत्या.

निवडीच्या दिवशी उन्हात दोन्ही सारख्याच काळ्या झाल्या. शेवटच्या चाळीस गोळ्या मी अंदाजानं मारल्या. सातवी आले. तुझी बँकेतली बाई संघात गेली. बिचारी माझ्याशी हात मिळवायला आली तर मी तिच्यावरही खेकसले.

आता जे लिहायचंय ते सगळ्यात अवघड. तेरा जूनचं तुझं पत्र वाचलं त्याच दिवशी मला कळलं होतं की तू खरं बोलतेयस. खोटं बोलणारं माणूस स्वतःची जागा सोडून देत नाही. मला कळलं होतं, वहिनी. तरी मी गेले. मला वाटलं, एवढी एक निवड निभावून न्यावी, मग दाखवू डोळा. या वर्षानंतर निवडच नव्हती.

गुण लागल्यावर पोस्टमास्तर म्हणाले, पुन्हा तुमच्या वहिनीनं काही केलं का. तेव्हा मी सगळ्यांसमोर उभी राहून सांगितलं की रायफल बरोबर होती, आज आणि पहिल्यापासून, आणि मला दोन दिसतात. चिटणिसांना म्हटलं, रायफली तिच्याकडेच पाठवा, तिच्यासारखा हात तुम्हाला मिळणार नाही. ते म्हणाले, बघू. तुझं नाव यादीत परत घ्या म्हणूनही भांडले. ते म्हणाले, लेखी काढलंय, आता काही होत नाही.

परवा डॉक्टरांना दाखवलं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. चौदा तारखेला शस्त्रक्रिया. नंतर पुन्हा एकच दिसेल म्हणाले, अगदी पहिल्यासारखं. हे ऐकून बरं वाटायला हवं होतं, पण मला रडूच आलं, आणि मग तुझा राग आला. कोणी सांगितलं होतं तुला नाव काढायला? तू राहिली असतीस तर घरातली एक तरी गेली असती. मला ठाऊक आहे हा राग कोणावर काढायला हवा. स्वतःवर काढून झाला, तरी उरलाय.

बाबांबद्दल जे लिहिलं ते खोडते. दादाला दवाखान्यात पाठवू नकोस. तो माझ्या आधी घाबरतो.

नणंद

९ जुलै

वन्सं,

तुम्हाला कळलं होतं, हे वाक्य मी चार वेळा वाचलं. मग पत्र उलटं ठेवून दुकानात गेले आणि दिवसभर एकाच चापाची स्प्रिंग काढत-घालत बसले.

दोन माश्या दिसल्या त्याचा मला राग नाही. तो कोणाच्या हातातला प्रकार नाही. माझ्यावर संशय घेतलात त्याचाही आता राग राहिलेला नाही, कारण त्याला मी स्वतःच कारण दिलं होतं. पण मी खरं बोलतेय हे तुम्हाला पटलं होतं आणि तरी तुम्ही गेलात, हे मला गिळता येत नाही. मी नाव काढलं ते तुम्ही थांबावं म्हणून. तुम्ही थांबला असतात तर माझं नाव काढणं कशाच्या तरी कामी आलं असतं.

हे विचारत होते ना, की तिच्यासाठी केलंस की तिला हरवण्यासाठी. मला त्याचं उत्तर आता सापडलं. मलाही जायचं होतं, वन्सं. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, ह्यांनासुद्धा नाही. लोखंडाचं काम करणारी बाई मारायलाही जाते म्हटल्यावर लोक हसतात, म्हणून मी नेहमी म्हणत आले की मी आपली हौसेपुरती मारते. हौसेपुरतं नव्हतं ते. तुम्ही माझ्या कोपराखाली शाल घातलीत त्या दिवसापासून मला त्या संघात जायचं होतं आणि तुमच्याबरोबर जायचं होतं. माझंही हे शेवटचंच वर्ष होतं. मी ते सोडलं, आणि तुम्ही ते वाया घालवलंत.

चौदा तारखेला सकाळच्या गाडीनं मी येतेय. हे येणार नाहीत. दवाखान्यात बरोबर मी थांबेन, डोळ्यात थेंब मी घालीन, पट्टी निघेपर्यंत तुमचा जिना मी तुम्हाला हाताला धरून उतरवीन. कपडे जास्त घेऊन येतेय, म्हणजे आठवडाभर राहता येईल. पण तेवढ्या दिवसांत माझी माफी मागू नका आणि गोडही बोलू नका. मी अजून रागावलेली आहे, आणि तुमच्याजवळ बसून मला थोडं आणखी रागवायचंय.

वहिनी